राखणदाराचा तुकडा

"सॅमी पडला ना, तेव्हा सगळी मुलं त्याच्याकडे धावली. तुमची अनुष्का तेवढी त्याचा डबा खात बसली होती," एमिली टीचर म्हणाल्या आणि हसल्या. त्या रागावल्या असत्या तर स्वप्नालीला सोपं गेलं असतं. रागाचं कारण विचारता येतं, कारणावर काहीतरी करता येतं. पण एमिली टीचर बालवाडीच्या फाटकावर हात ठेवून नुसत्या हसल्या, बावीस वर्षं चार-चार वर्षांची मुलं सांभाळलेल्या बाईने हसावं तशा. "गुडघा चांगला फुटला होता हो. रक्त बघून ती एक मुलगी तर आपणच रडायला लागली. आणि ही आपली मांडी घालून भेंडी खातेय." मग समोरचा चेहरा पाहून असेल, त्यांनी आवाज खाली आणला. "टेन्शन घेऊ नका. काही काही मुलांना फीलिंग जरा उशिरा येतं. दातांसारखं." अनुष्काचे दात पाचव्या महिन्यातच आले होते. हे सांगण्यासारखं आहे की नाही, हे स्वप्नालीला ठरवता येईना, आणि तोवर एमिली टीचर दुसऱ्या एका आईकडे वळल्या होत्या. एरवी अनुष्का बालवाडीतून व्हॅनने पाळणाघरात जायची. आज प्रयोगशाळेतलं मोठं यंत्र दुरुस्तीला काढलं होतं, म्हणून स्वप्नाली अर्ध्या दिवसाने सुटली आणि हौसेने तिला घ्यायला आली. हौस केली नसती तर हे कळलंही नसतं, असा एक विचार तिच्या मनात आला, आणि तो न आवडून तिने अनुष्काचा हात जरा जास्तच घट्ट धरला. हाताला भेंडीचा वास होता.

रिक्षा स्टँडपर्यंतच्या रस्त्यात तिने विषय काढला. "आज सॅमी पडला का गं?" "हो." "रक्त आलं?" "हो. लाल." जणू दुसऱ्या रंगाचंही येऊ शकलं असतं. "मग तू काय केलंस?" "डबा." "डबा काय?" "सॅमीचा डबा," अनुष्का म्हणाली, आणि एवढं स्पष्ट सांगितल्यावर आता आणखी काय हवंय, अशा नजरेने तिने आईकडे पाहिलं. रिक्षात बसल्यावर ती उघड्या बाजूने तोंड बाहेर काढून वारा खात राहिली. तिच्या मानेवरच्या बारीक केसांकडे पाहत स्वप्नालीने स्वतःची समजूत घालायला सुरुवात केली. तिची समजूत घालायची पद्धत तिच्या कामातून आलेली होती. वालिवच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका प्रयोगशाळेत ती अकरा वर्षं पाणी तपासत होती. बोअरिंगचं, टँकरचं, टाकीचं. तिच्या अहवालात 'नाही' असं कधी नसे. 'आढळले नाही' असं असे, आणि पुढे कोणत्या पद्धतीने तपासलं आणि त्या पद्धतीला किती बारीक दिसतं, हे लिहिलेलं असे. सोसायट्यांचे चेअरमन फोन करत. "म्हणजे नाही ना, मॅडम?" "आढळले नाही." "तेच ना?" "तेच नाही." या संभाषणामुळे प्रयोगशाळेत तिची थट्टा व्हायची. पण आता तेच कामाला आलं. एमिली टीचरनी काय तपासलं? एक गुडघा, एकदा. दुसरा नमुना नाही, पुन्हा करून पाहणं नाही. एवढ्यावर कोणी 'फीलिंग उशिरा' असा निष्कर्ष काढला असता तर स्वप्नालीने तो अहवाल परत पाठवला असता. या विचाराने तिला बरं वाटलं, आणि ते बरं वाटणं माणिकपूरच्या चर्चपर्यंत टिकलं.

चर्चच्या वळणावर तिला दुसरा नमुना आठवला, आणि तो ती स्वतः होती. ती नऊ वर्षांची असताना इस्लामपूरला धाकटे काका गेले. बायकांच्या घोळक्यात तिला बसवलं होतं, आणि रडायला येत नव्हतं म्हणून ती इतरांचं रडणं बघत होती. बघता बघता तिच्या लक्षात आलं की एसटीने कोणी नवीन पाहुणं आलं की रडणं एकदम वाढतं आणि मग हळूहळू उतरत सात-आठ मिनिटांत मूळ पातळीवर येतं. भिंतीवरच्या घड्याळात तिने हे चार वेळा ताडून पाहिलं, आणि चारही वेळा ते बरोबर आलं तेव्हा तिला इतका आनंद झाला की तिने तो शेजारी बसलेल्या आत्याला कानात सांगितला. आत्या रडायची थांबली. "दगड आहे ही पोर," ती म्हणाली, आणि पुढची बावीस वर्षं अधूनमधून म्हणत राहिली. मग लग्न. वसईहून आलेली बस दारात उभी, आई रडतेय, वडील चष्मा पुसतायत, मावसबहीण मागून चिमटे काढतेय आणि व्हिडिओवाला कॅमेरा खाली करून अदबीने विचारतोय, "ताई, तेवढा रडण्याचा शॉट राहिलाय. थोडंसं?" तिने मनापासून प्रयत्न केला. चेहऱ्याचं जे काही झालं ते आजही त्या व्हिडिओत आहे, आणि शिंक येतेय असं वाटतं. तेव्हा सासूबाई, सत्यवती, पुढे आल्या. हातात नारळ, अंबाड्यात अबोलीचा गजरा. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या, "नाय रडत तं नाय रडत. आमच्याकडं यायची खुशी हाय पोरीला. रडनारी आनली असती तं वसईपरत तिला कोन सांभालनार होता?" सगळे हसले आणि बस सुटली. चार दिवसांनी, घरी कोणी नसताना, गॅसचा सिलिंडर बदलता बदलता स्वप्नाली अर्धा तास रडली. पण ते कोणी पाहिलं नाही, आणि ती स्वतःही ते कोणाला सांगायला गेली नाही. आत्याचं मत तेवढं कायम राहिलं. आता रिक्षाच्या धक्क्यांबरोबर तिला वाटायला लागलं की एमिली टीचर अनुष्काबद्दल बोलल्याच नाहीत. त्या आत्याबद्दल बोलल्या. आत्याचं बरोबर होतं, आणि ते रक्तातून पुढे गेलं.

अशा वेळी दुसऱ्या बाईने आईला फोन केला असता. स्वप्नालीने प्रयोगशाळेतून एक कोरी नोंदवही आणली. दीड वर्षांचं मूलसुद्धा परक्या माणसाच्या हातून पडलेली वस्तू न सांगता उचलून देतं, असं तिने कुठेतरी वाचलं होतं. म्हणजे साडेचार वर्षांच्या मुलीला हे सहज जमायला हवं. बाल्कनीत कपडे वाळत घालताना तिने एक चिमटा हळूच फरशीवर सोडला आणि त्याच्याकडे हात लांबवून तोंडाने "अरे अरे" केलं. अनुष्का उंबरठ्यावर बसून पाहत होती. "आई, चिमटा पडला." "हो ना. माझा हात पोचत नाहीये." अनुष्काने आईकडे पाहिलं, चिमट्याकडे पाहिलं, मधल्या अंतराचा अंदाज घेतला. "मग वाक ना," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी पलंगाच्या पायाला करंगळी आपटल्याचं नाटक झालं. स्वप्नाली जमिनीवर बसून, पाऊल धरून, जमेल तेवढं कण्हली. अनुष्का खेळणं टाकून आली, हे आशादायक होतं. ती आईच्या चेहऱ्याजवळ चेहरा नेऊन बराच वेळ काहीतरी शोधत राहिली. "खोटं आहे," शेवटी ती म्हणाली. "डोळ्यातून पाणी येत नाहीये." आणि खेळण्याकडे परत गेली. वहीत काय लिहावं, हे स्वप्नालीला कळेना. निरीक्षण अचूक होतं. तिने स्वतःही तेच केलं असतं, आणि दुखणं तिथेच होतं.

तिसऱ्या प्रयोगाला तिने नवऱ्याला घेतलं. धनेश दिवसभर अंधेरीच्या ऑफिसात बसून आलेला, आणि त्याला नाटकाची आवड होती. हीच अडचण ठरली. डोकं दुखल्याचं दाखव म्हटल्यावर तो सोफ्यावर आडवा पडून, कपाळावर हात मारून, "अगं आई गं, मी काय वाचत नाही आता" असं ओरडायला लागला. अनुष्काने हे लक्षपूर्वक पाहिलं, आत गेली, बामची बाटली घेऊन आली. स्वप्नाली पेन घेऊन पुढे सरकली. अनुष्काने दोन बोटं भरून बाम काढला आणि बाबाच्या दोन्ही डोळ्यांना लावला. पुढची वीस मिनिटं धनेश बेसिनशी होता. अनुष्का त्याच्या पायाशी उभी राहून वर पाहत होती. "आता खरं आहे," ती समाधानाने म्हणाली. तोंड पुसत, सुजलेल्या डोळ्यांनी बाहेर येऊन धनेश म्हणाला, "स्वप्नाली, ती माणूस आहे. बोअरिंगचं पाणी नाही." "मला फक्त बघायचंय." "काय बघायचंय?" तिने वही मिटली. आहे का ते, असं उत्तर होतं. तिच्यात नसलं तर ते माझ्यामुळे, असं त्याच्याही खाली होतं. धनेशला ते कळलं नसतं. तो अशा घरात वाढला होता जिथे कोणी कोणाला काय वाटतं ते तपासत नसे, कारण सगळे ते एकाच वेळी मोठ्याने बोलत असत.

म्हणून तिने तपासणं थांबवलं आणि सुधारणा हाती घेतली. फ्रिजवर तक्ता लागला. दुसऱ्यासाठी काही चांगलं केलं की एक सोनेरी चांदणी, दहा चांदण्या झाल्या की चावी दिल्यावर पाण्यात पोहणारं कासव. हे तिने विचारपूर्वक केलं होतं, आणि पहिल्या दोन दिवसांत जो फरक पडला त्याने तीच चकित झाली. झोपलेल्या बाबाला तहान लागली असेल म्हणून अनुष्काने त्याला पाणी पाजलं. गादी वाळत घालावी लागली, पण भाव चांगला होता: एक चांदणी. तिसऱ्या मजल्यावरच्या ऑगस्टीन अंकलसाठी तिने लिफ्ट धरून ठेवली. अंकल घरात वर्तमानपत्र वाचत होते, त्यांना कुठेही जायचं नव्हतं. सगळी बिल्डिंग चौदा मिनिटं जिन्याने चढली-उतरली. यावर अर्धी चांदणी द्यावी की पूर्ण, याचा स्वप्नालीने रात्रीचा भात लावेपर्यंत विचार केला आणि पूर्ण दिली. बुधवारी नऊ झाल्या. फ्रिजसमोरून जाता-येता त्या चमकायच्या आणि दर वेळी ती त्या पुन्हा मोजायची. आत्याला हा तक्ता दाखवता आला असता, असं एकदा वाटून गेलं. आत्या जाऊन तीन वर्षं झाली होती.

गुरुवारी दुपारी एमिली टीचरचा फोन आला. आज त्या हसत नव्हत्या. "अहो, अनुष्काचं काय चाललंय घरी? आज तिने तीन मुलांना पाडलं. म्हणजे पाडते आणि लगेच उचलते. उचलताना इतकं गोड बोलते हो, 'लागलं का बाळा, रडू नको हं.' वर मला हाक मारून दाखवते, टीचर बघा, मी उचललं. सॅमीला दोनदा. त्याची खपली निघाली. त्याची आई, रोझमेरी, चिडलीय, आणि तिचं चूक नाही. तुम्ही एकदा भेटून घ्या तिला." स्वप्नालीच्या हातात नमुन्याची बाटली होती. ती तिने फार हळू खाली ठेवली. संध्याकाळी तिने अनुष्काला समोर बसवलं. "सॅमीला का पाडलंस?" "उभा होता." "उभा होता म्हणजे?" अनुष्काने सुस्कारा सोडला. "उभ्या माणसाला मदत कशी करायची?" तिने विचारलं, आणि प्रश्न खरा होता, तिला उत्तर हवं होतं. अस्वच्छ बाटलीत नमुना घेतला की पाण्यात जे सापडतं ते पाण्याचं नसतं, बाटलीचं असतं. प्रयोगशाळेतल्या नव्या मुलींना स्वप्नाली हे पहिल्याच दिवशी शिकवायची. तिने उठून तक्ता काढला. अनुष्का रडली, डोळ्यांतून भरपूर पाणी येत होतं, शंकेला जागाच नव्हती, पण ते सगळं कासवासाठी होतं.

रविवारी ते सासरी गेले. स्कूटरवर पुढे अनुष्का, मागे स्वप्नाली, तिच्या मांडीवर केळफुलाची पिशवी. घर खाडीच्या काठाला. सासऱ्यांनी, हरेश्वरांनी, चाळीस वर्षं मिठागर आणि भातशेती केली. आता मिठागर बंद होतं, पण घर अजून मिठागरावरच्यासारखंच चालायचं: लवकर उठायचं, मोठ्याने बोलायचं, अकराला जेवायचं. जमिनीवर ओळीने ताटं, तांदळाची भाकरी, तळलेले बोंबील. स्वप्नालीने दुसरा घास घेतला आणि फोन वाजला. अनोळखी नंबर. ती उठून पडवीत गेली. "मी रोझमेरी. सॅमीची आई," पलीकडचा आवाज शांत होता, आणि ते जास्त वाईट होतं. "टीचरनी नंबर दिला. उद्या संध्याकाळी घरी या. सांडोरला. मुलीला घेऊन या." "हो. मी खरंतर स्वतःच..." "या उद्या," आणि फोन बंद झाला. आत परत येताना तिच्या मनात उद्याचीच वाक्यं जुळत होती, म्हणून समोरचं दृश्य तिला क्षणभर उशिरा दिसलं. अनुष्का आपलं ताट सोडून तिच्या ताटासमोर मांडी घालून बसली होती. डावा हात ताटावर छपरासारखा पसरलेला. उजव्या हातात स्वप्नालीचा बोंबील, त्यातला अर्धा तोंडात.

"अनू!" ती इतक्या जोरात ओरडली की हरेश्वरांचा घास थांबला. "दुसऱ्याच्या ताटातलं खायचं नाही, किती वेळा सांगायचं?" अनुष्काने चावणं थांबवलं नाही, हातही काढला नाही. सत्यवतीच मधे पडल्या. "अगो, तिला कशाला वरडतंस? तीच तं राखतंय तुझा ताट." "राखतेय? ती खातेय, आई." "मंग? राखनदाराला एक तुकडा नको? फुकट कोन राखील?" धनेश हसायला लागला. "तुला माहीत नाही? आमच्याकडे कोणी जेवताना उठलं की ताट एकटं नाही ठेवत. मी लहानपणी या धंद्यावर जगलोय." हरेश्वर पाणी प्यायले आणि त्यांनी सावकाश सांगितलं. मिठागराच्या बांधावर उघड्यात जेवायला बसायचं. वर कावळे, मागे कुत्रे. भरतीचं पाणी आलं, कोणी हाक मारली, की उठायला लागायचं, आणि उठलं की भाकर गेलीच. म्हणून पोरं सोबत न्यायची. जो उठेल त्याच्या ताटाशी एक पोर जाऊन बसायचं, तो येईस्तवर. कोणी सांगायचं नाही, आपण बघून जायचं. "आता मिठागर नाय, कावला बी घरान येत नाय," सत्यवती म्हणाल्या, "पन उठलेल्या मानसाचा ताट एकला बघवत नाय ना." आणि त्यांनी स्वप्नालीच्या ताटात दुसरा बोंबील टाकला.

स्वप्नाली ताटाशी बसली नाही. ती अनुष्कासमोर उकिडवी बसली. सहा वर्षं ती दर रविवारी इथे जेवत होती आणि तिने हे पाहिलं नव्हतं, कारण जेवताना ती स्वतः कधी उठत नसे, आणि दुसऱ्याच्या ताटाकडे बघत नसे. "अनू, सॅमी पडला त्या दिवशी," तिने विचारलं, "त्याचा डबा..." "एकटा होता," अनुष्का म्हणाली. "सगळे गेले. डबा उघडा होता." "आणि भेंडी?" "एकच खाल्ली." मग तिने आजीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि हिशेब दुरुस्त केला. "दोन. तो लांब गेला होता." धनेशला ठसका लागला. "ही सिक्युरिटी एजन्सी काढणार!" हरेश्वर मांडीवर थाप मारून हसत होते, सत्यवती धनेशच्या पाठीवर थापटत होत्या. त्या गोंगाटात स्वप्नाली तो दिवस पुन्हा तपासत होती. पंधरा मुलं गुडघ्याकडे धावली, हे खरंच. पण गुडघ्याला पंधरा जणांचं काय काम होतं? त्या आवारात कावळेही होते. फाटकाशी उभी राहून तिने ते स्वतः पाहिले होते. तिला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, आणि थोडं वाटलंही. पण तिच्या मनाची घडण अशी की सुटकेपाठोपाठ तिला शंका आली: ही माया म्हणायची की नोकरी? आणि त्याहून मोठी गोष्ट जागच्या जागी होती. जी मुलगी कोणी न सांगता उघड्या डब्याशी जाऊन बसली, तिला सॅमीला पाडायला शिकवलं ते आईने. ते कुठल्याही बांधावरून आलं नव्हतं. ते फ्रिजवरून आलं होतं.

सोमवारी ती कामावरून तशीच, इस्त्रीच्या पांढऱ्या सलवारीत, अनुष्काला घेऊन सांडोरला गेली. रिक्षात तिने तीन मुद्दे पाठ केले. रोझमेरीचं घर केळीच्या वाडीत होतं. संध्याकाळचं ऊन अजून पानांवर होतं, आणि सॅमी पायरीवर बसून गुडघ्यावरची पट्टी कडेने उचलून आत काय चाललंय ते बघत होता. रोझमेरी ओट्यावर उभी राहिली, बसा म्हणाली नाही. उंच, सडपातळ, हातात कोयता. तो वाडीतल्या कामाचा होता, पण बोलताना तिने तो खाली ठेवला नाही. "मला एवढंच विचारायचंय," ती म्हणाली. "माझा मुलगा काय तुमच्या मुलीच्या मदतीचं सामान आहे का?" स्वप्नालीचे तिन्ही मुद्दे गेले. "नाही. चूक तिची नाही, माझी आहे. मी घरी तक्ता लावला होता." "कसला तक्ता?" "चांगुलपणाचा." रोझमेरीने कोयता या हातातून त्या हातात घेतला. "चांगुलपणाचा." "हो. दुसऱ्याला मदत केली की एक चांदणी." "म्हणून पाडलं?" "म्हणून उचललं. त्यासाठी आधी..." "पाडलं. समजलं. आणि सॅमीच्या किती झाल्या, चांदण्या?" "दिल्या नाहीत. तक्ता काढला मी." "म्हणजे आमचा पोरगा दोनदा फुकटच पडला की," रोझमेरी म्हणाली. तिच्या तोंडाची एक कड हलली, पण तिने ती आवरली. "सॉरी म्हण, अनू." अनुष्का शेजारच्या केळीकडे बघून सॉरी म्हणाली. "मला म्हण," सॅमी पायरीवरून म्हणाला. तिने त्याला म्हटलं. "बरं," सॅमी म्हणाला, आणि पट्टीखाली बघायला लागला. दोन्ही आया आता काय करायचं, या पेचात उभ्या राहिल्या. शेवटी रोझमेरीच म्हणाली, "आलाच आहात तर केळी न्या. या मागे," आणि वाडीत शिरली.

वाडीत नुकतंच पाणी सोडलेलं होतं. केळीच्या ओळींमधून पाट वाहत होता, आणि रोझमेरी तो न बघता ओलांडून गेली. स्वप्नालीनेही पाय टाकला. ऑफिसच्या सँडलला ती माती माहीत नव्हती. पाऊल आतल्या बाजूला मुरगळलं, आकाश केळीच्या पानांसकट एकदा वर गेलं आणि ती पाटाच्या मधोमध, पांढऱ्या सलवारीसकट, चिखलात बसली. फार दुखलं. घोट्यातून एक कळ गुडघ्यापर्यंत गेली आणि परत आली. तिच्या तोंडातून आवाज निघाला नाही. कधीच निघत नसे. "अगं बाई!" म्हणत रोझमेरी कोयता टाकून वळली. सॅमी लंगडत आला, काठावर उभा राहिला आणि अनुभवी माणसासारखं त्याने विचारलं, "रक्त आलं?" "नाही." "मग काही नाही." अनुष्का त्याच्या शेजारी उभी होती. ती आईकडे बघत होती, त्याच लांब, तपासणाऱ्या नजरेने, आणि स्वप्नालीच्या लक्षात आलं की आपण सेकंद मोजतोय. सहा, सात. कळ मारणाऱ्या पायाने, कमरेपर्यंत चिखलात, ती अजून मोजत होती. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की तिने नजर खाली केली.

चिखलात काहीतरी पचकन वाजलं. अनुष्का पाटात उतरून तिच्या शेजारी बसली होती, अगदी चिकटून, फ्रॉकसकट. तिने काही विचारलं नाही. आईचा हातही धरला नाही. पाटाचं पाणी दोघींना वळसा घालून पुढे जात होतं, आणि ती त्यातून येणारं एक पान बघत होती. "अनू, कपडे खराब होतायत." "हो," अनुष्का म्हणाली, आणि हलली नाही. दोन आठवडे स्वप्नाली पाहत, मोजत, लिहीत होती. त्याआधीची किती वर्षं, ते तिला सांगता आलं नसतं. गार पाणी दुखऱ्या घोट्यावरून जात होतं. रोझमेरीने पुढे होऊन हात दिला. "धरा. धरा हात माझा. आणि पोरी, तू काय बसून राहिलीस? आईला उठव की!"

"तिला उठायचं नाहीये," अनुष्का म्हणाली.

रोझमेरीने स्वप्नालीकडे पाहिलं. स्वप्नालीने तिच्या पुढे आलेल्या हाताकडे पाहिलं, मग पाटातून जाणाऱ्या पानाकडे. खरंच, तिला उठायचं नव्हतं.